गाडी आपली, रस्ता सगळ्यांचा

रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारातून गाड्या बाहेर पडताना अलीकडे एक बदल सहज लक्षात येतो. क्लचचे पेडल नसलेल्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या गाड्यांची संख्या वाढली आहे. पूर्वी जळगाव-धुळ्याकडे अशी गाडी म्हणजे नवलाची वस्तू होती. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ ही छोटी गाडी क्लचविना चालणाऱ्या गिअरसह बाजारात आली आणि ही सोय मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात आली. मुंबई-पुण्याकडच्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्याही आता आपल्या बाजारात येतात. त्या स्वस्त मिळतात, काही महिने सुरळीत चालतात आणि मग एक दिवस गिअर पडताना झटका बसू लागतो. गॅरेजवाला सांगतो, “पूर्ण गिअरबॉक्स बदलावा लागेल.” तो जो आकडा सांगतो, तो कधी कधी गाडीच्या किमतीच्या जवळ जाणारा असतो.

अशा वेळी घरातला एखादा हौशी तरुण म्हणतो, “पप्पा, मीच उघडतो. मोबाईलवर सगळे दाखवतात.” वडील म्हणतात, “हे आपले काम नाही. ज्याचे काम त्याने करावे.” दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, म्हणूनच वाद मिटत नाही. वरवर पाहता हा प्रश्न पान्यांचा आणि पैशांचा आहे. आम्हांला मात्र तो नीतीचाही वाटतो. जी वस्तू आपल्या मालकीची आहे, पण जिच्या बिघाडाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागू शकते, ती शिकता शिकता उघडण्याचा आपल्याला कितपत अधिकार आहे? या लेखात आपण याच प्रश्नाचा थोडा विचार करू.

आधी हे यंत्र आहे तरी काय, ते पाहू. साध्या गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लच असतो. आपण तो पायाने दाबतो आणि हाताने गिअर बदलतो. सेलेरिओसारख्या गाडीत गिअरबॉक्स साधाच असतो. फक्त पायाचे आणि हाताचे काम यंत्र करते. पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गोष्ट वेगळी. त्यात क्लचच्या पेडलाचे काम टॉर्क कन्व्हर्टर करतो. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. येथे वाऱ्याचे काम तेल करते. इंजिनाने फिरवलेली पाती तेल ढकलतात आणि ते तेल समोरची पाती फिरवते. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली ही कल्पना मांडली, ती जहाजांसाठी. पुढे अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्डस्मोबाइल गाड्यांत ‘हायड्रामॅटिक’ हा गिअरबॉक्स दिला. तेलाच्या जोडावर चालणारा आणि मोठ्या प्रमाणावर बनलेला तो पहिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.

कन्व्हर्टरच्या मागे दातेरी चक्रांचा संसार असतो. मध्ये सूर्यचक्र, त्याच्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि बाहेर आतून दाते असलेले कडे. यांतले कोणते धरून ठेवायचे आणि कोणते मोकळे सोडायचे, हे पातळ क्लच प्लेटांचे थर ठरवतात. त्या प्लेटा कधी दाबायच्या, हे तेलाचा दाब ठरवतो. तो दाब वाटून देणारा भाग म्हणजे वाल्व्ह बॉडी. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात कोरलेल्या नागमोडी वाटा, त्यांत सरकणारे वाल्व्ह, लहानमोठ्या स्प्रिंगा आणि बारीक छर्रे. एक छर्रा चुकीच्या खाचेत बसला, तर गाडी एखादा गिअर घेतच नाही, किंवा घेते पण अर्धवट.

गिअर न बदलता चालणारे वाहन आपल्याला अगदीच अपरिचित आहे असे नाही. १९७२ साली लुना आली आणि ज्यांना सायकलच्या पुढे जाता येत नव्हते, अशा कितीतरी घरांत मोटारीचा आवाज झाला. १९८४ साली कायनेटिक होंडा आली. ती पिथमपूरच्या कारखान्यात तयार होई, म्हणजे आपल्याच आग्रा रोडने वर गेल्यावर इंदूरजवळ. तिच्यात गिअरच नव्हते. दोन पुल्यांवर एक रबरी पट्टा फिरे आणि वेगाप्रमाणे पुल्यांची रुंदी कमी-जास्त होई. पट्टा झिजला किंवा रोलर खराब झाले, तर अंगणात पोते अंथरून ते बदलणारे हौशी लोक होतेच. चुकले तर स्कूटर रस्त्यात बंद पडे आणि ती ढकलत घरी आणावी लागे. शेजारी हसत, इतकेच. मोटारगाडीचे तसे नाही. छोटी गाडी झाली, तरी तिचे वजन पाऊण-एक टन. ती चुकीच्या क्षणी चुकीची वागली, तर हसण्यावर भागत नाही.

आता तरुणाची बाजू आधी ऐकू. ती हलकी नाही. पैसे वाचवणे हा गुन्हा नव्हे. शिवाय आपल्या हातातली वस्तू कशी चालते हे जाणून घेण्याची इच्छा ही माणसाची चांगली इच्छा आहे. ‘बिघडले की फेका, नवे आणा’ ही सवय आपल्या घरांत शिरली आहे आणि ती खिशालाही परवडत नाही, पृथ्वीलाही नाही. सरकारलाही हे पटलेले दिसते. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. शेतीची यंत्रे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि मोटारगाड्या ही त्यातली चार क्षेत्रे. ग्राहकाने विकत घेतलेली वस्तू उघडून पाहण्याचा, तिची माहिती आणि सुटे भाग मिळवण्याचा त्याला हक्क असावा, हे त्यामागचे तत्त्व आहे. आम्हांला ते मान्य आहे.

हौशी माणसाकडे आणखी एक गोष्ट असते, जी गॅरेजवाल्याकडे सहसा नसते. ती म्हणजे वेळ. गॅरेजमध्ये दुसरी गाडी रांगेत उभी असते, मालक फोन करत असतो. घरी मात्र एक प्लेट तीनदा धुता येते, चारदा मोजता येते. मन लावून केलेल्या कामाचे मोल वेगळेच असते. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे आपण खान्देशातले लोक अभिमानाने सांगतो. बाहेरच्या कर्माला आतल्या मनाची जोड मिळाली पाहिजे, हा त्यांतला एक महत्त्वाचा विचार आहे. घरी बसून एकेक वाल्व्ह स्वच्छ करणाऱ्या मुलाकडे पाहिले, की तो विचार पुस्तकाबाहेर दिसतो.

पण गोष्ट येथे संपत नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांचे उदाहरण घ्या. त्यांनी भंगारातले भाग जुळवून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. २०२१ च्या डिसेंबरमध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी त्यांचे जाहीर कौतुक केले. मात्र त्याच दमात त्यांनी हेही लिहिले, की ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावर चालू देणार नाहीत. म्हणून त्यांनी त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि २०२२ च्या जानेवारीत ती दिलीही. या घटनेचे कौतुकाचे अर्धे आपल्या लक्षात राहते, दुसरे अर्धे आपण विसरतो. हाताच्या हुशारीला पूर्ण मान द्यायचा आणि तरीही ‘रस्त्यावर मात्र नको’ असे म्हणायचे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

याचे कारण साधे आहे. गाडी आपली असते, रस्ता सगळ्यांचा असतो. घरातला पंखा आपण चुकीचा जोडला, तर धोका बहुधा आपल्या घरापुरता. गाडी फाटकाबाहेर पडली, की तिच्यासमोर शाळेतून येणारी मुले असतात, केळीचे ट्रक असतात, सायकलवर दूध नेणारा असतो. धुळ्यात तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग एकमेकांना छेदतात. समोरून येणाऱ्याला आपल्या गाडीचा गिअरबॉक्स कोणी जोडला हे माहीत नसते. त्याने आपल्याला प्रयोग करण्याची परवानगी दिलेली नसते. तो आपल्यावर न विचारता विश्वास ठेवतो. रस्ता चालतो तो या विश्वासावर.

कायद्यानेही हेच सांगितले आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १९० नुसार धोकादायक दोष असलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवणे हा अपराध आहे, आणि त्यात दोन गोष्टी येतात: चालकाला माहीत असलेला दोष, तसाच साधी काळजी घेतली असती तर जो कळला असता तो दोष. हे दुसरे शब्द नीट वाचावेत. ‘मला ठाऊक नव्हते’ एवढे म्हणून सुटका होत नाही. ठाऊक करून घेण्यासाठी काय केले, हेही विचारले जाते. कायदा घरी दुरुस्ती करू नका असे म्हणत नाही. काळजी घ्या असे म्हणतो.

मग गिअरबॉक्सच्या बाबतीत काळजी म्हणजे काय? एक-दोन गोष्टी सांगतो. गाडी जॅकवर उचलून विटांच्या थप्पीवर टेकवणे आणि तिच्याखाली शिरणे ही हौस नव्हे. मजबूत स्टँड नसतील तर कामाला हातच लावू नये. आतून निघालेले पाच-सात लिटर जुने तेल गल्लीच्या गटारात ओतायचे नाही. डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्याकडे द्यायचे. नव्या क्लच प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजवाव्या लागतात. कोरड्या बसवल्या, तर सुरुवातीलाच जळू शकतात. टॉर्क कन्व्हर्टर पंपात शेवटपर्यंत बसला आहे याची खात्री न करता बोल्ट आवळले, तर पंप फुटतो. हात पुसायची चिंधीसुद्धा बघून घ्यावी लागते. आपला हा कापसाचा मुलूख. कापडाचा तंतू आपल्याला निरुपद्रवी वाटतो. पण सुती चिंधीचा एक धागा वाल्व्हच्या वाटेत अडकला, की वाल्व्ह अर्ध्यावर थांबतो. त्यात एप्रिल-मेचा वारा आणि धूळ. उघड्या अंगणात वाल्व्ह बॉडी मांडून बसण्याची ती वेळ नव्हे.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. चुकीचा जोडलेला गिअरबॉक्स बंद राहिला, तर ते नशीबच म्हणायचे. खरा धोका तो चालू होतो तेव्हा असतो. प्लेटांमधली फट थोडी जास्त राहिली, एखादे सील किंचित दुमडले, तरी गाडी सुरू होते, गल्लीत चक्कर मारते, घरचे लोक टाळ्या वाजवतात. ‘चालली म्हणजे झाली’ हा आपला आवडता निकष. पण चालणे आणि बरोबर असणे या दोन गोष्टी आहेत. गाडीच्या लीव्हरवर ‘पी’ अशी खूण असते. तेथे लीव्हर नेला, की आत एक लहानसा पोलादी दात चाकांशी जोडलेल्या खाचेच्या चक्रात अडकतो आणि उतारावरची गाडी जागेवर राहते. तो दात नीट अडकतो की नाही, हे सपाट अंगणात कळत नाही. उतारावरच्या गल्लीत, हँडब्रेक न ओढता कोणी गाडी सोडून गेला आणि खाली मुले खेळत असली, म्हणजे कळते. तसेच घाटाचे. जळगावहून संभाजीनगरला जाताना अजिंठ्याचा घाट लागतो, चाळीसगावहून जाताना कन्नडचा. उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिनाने गाडी धरून ठेवायची असते. ती धरणारी प्लेट आत घसरत असेल, तर सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापत जातात. शहरात महिनाभर फिरून हा दोष दिसणार नाही. घाटाने तो दाखवला, की मग उशीर झालेला असतो.

म्हणून आमचे उत्तर असे आहे. गिअरबॉक्स घरी उघडण्याचा हक्क आहे. पण तो हौशी म्हणून मिळणाऱ्या सवलतीचा हक्क नाही. गाडी रस्त्यावर नेताच हौशी आणि धंदेवाईक हा फरक पुसला जातो. रस्त्यावरच्या माणसाला जो धक्का बसेल, तो करणाऱ्याचा अनुभव पाहून कमी-जास्त होत नाही. त्यामुळे शिकाऊ माणसाने निष्णात माणसाइतकेच काटेकोर असले पाहिजे. उलट आपल्याला काय काय कळत नाही हे त्याला माहीत नसल्यामुळे थोडे अधिकच. घरी उघडावे, स्वच्छ करावे, मोजावे, जोडावे. आणि रस्त्यावर नेण्यापूर्वी जाणत्या माणसाला दाखवावे. त्याने तपासण्याचे पैसे मागितले, तर ते द्यावेत. त्यात कमीपणा नाही.

आपण योग्य वागलो की नाही, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आम्हांला सुचते. उद्या ही गाडी विकायची झाली, तर घेणाऱ्याला आपण मान वर करून सांगू का, की “गिअरबॉक्स मी घरी उघडला होता, हे हे बदलले, अमुक माणसाने तपासले”? हे सांगायला जीभ अडखळत असेल, तर कामात काहीतरी लपलेले आहे. जे विकताना सांगवत नाही, त्यात आज बायको-मुलांना बसवणेही बरोबर नाही. ती तर किंमतही विचारत नाहीत. दार उघडले, की बसतात.

यावर कोणी म्हणेल, “हे सगळे ठीक आहे, पण ज्याच्याकडे गॅरेजचे पैसे नाहीत, त्याने काय करायचे? मजुरी करून हप्ते फेडणाऱ्याला तुम्ही नीती शिकवता?” हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. गरिबाला धोका पत्करावा लागतो आणि श्रीमंताला सुरक्षितता विकत मिळते, ही आपल्या समाजाची जुनी व्यथा आहे. पण गरिबाच्या गाडीसमोर जो येतो, तोही बहुधा गरीबच असतो; पायी चालणारा, सायकलवरचा. एकाची अडचण दुसऱ्याच्या अंगावर ढकलून ती सुटत नाही. मधले मार्ग असतात. दोष खरोखर गिअरबॉक्सचाच आहे का, हे दुसऱ्या गॅरेजमध्ये विचारावे; कधी कधी तेल कमी झालेले किंवा जळलेले असते आणि तेवढ्यानेही झटके बसतात. आपल्या गाडीत कोणते तेल चालते ते पाहून वेळेवर बदलावे. खान्देशच्या उन्हाळ्यात हे विशेष लक्षात ठेवावे, कारण जास्त तापलेले तेल लवकर खराब होते. सोडवणे-उतरवणे घरी करून जोडणी जाणत्याकडून करून घेता येते. मित्रमंडळी, नातेवाईक यांच्याकडून उसनवारी होऊ शकते. आणि काहीच जमत नसेल, तर काही महिने गाडी उभी ठेवून बसने जाण्यात लाज नाही. एस.टी.ने जाणारा माणूस कोणाचेही नुकसान करत नाही.

कसोटी फक्त हौशी तरुणाला लावून थांबणेही बरोबर होणार नाही. ती धंदेवाईकालाही लागू आहे. ‘गिऱ्हाइकाला आत काय दिसते?’ असे म्हणून जुनेच सील परत बसवणारा हात अनुभवी असला, तरी तो घरी चुकणाऱ्या मुलापेक्षा अधिक दोषी आहे, कारण त्याला कळत होते. आणि ती आपल्या सर्वांना लागू आहे. मेकॅनिकला आपणच सांगतो ना, “सध्या कसेतरी चालवून दे, पुढच्या महिन्यात बघू”? मग काही झाले, की दोष त्याचा. ‘कसेतरी’ हा शब्द आपण गाडीपुरता ठेवत नाही. घराच्या वायरिंगला, मुलाच्या चष्म्याला, म्हाताऱ्या आईच्या औषधाला तोच शब्द लावतो. बंद झाकणाआडचे काम नीट झाले की नाही, हे करणाऱ्याखेरीज कोणालाच कळत नाही. तेथे पोलीस नसतो, शेजारी नसतो. तेथे माणूस आणि त्याचा विवेक, दोघेच असतात.

पालकांना एक विनंती. मुलाने पाना हातात घेतला, तर त्याला लगेच हटकू नका. “तुला काय कळते?” असे म्हणण्याऐवजी “तू काय काय मोजलेस ते मला दाखव” असे म्हणा. आणि सुटे भाग डब्यांत भरून महिनोन् महिने कोपऱ्यात पडले, मुलगा येऊन म्हणाला, “पप्पा, मला जमत नाही,” तर त्याची थट्टा करू नका. ज्याला इतके प्रामाणिकपणे थांबता येते, त्याच्या हातात उद्या गाडी द्यायला हरकत नाही. आज मात्र ते डबे रिक्षात घाला आणि त्याच्याबरोबर जाणत्या मेकॅनिककडे जा.